किराणा दुकान की मॉल, स्वस्त कुठे? पाकिटाची मागची बाजू बघा

दोन्हीकडचे भाव ताडून बघताना सगळ्यात जास्त फसगत तेलात होते. पिशव्या दिसायला सेम पण एकीवर 910 ग्रॅम (म्हणजे साधारण 1 लिटर) आणि दुसरीवर 850 ग्रॅम, आणि आपण बघतो फक्त रुपये. समजा मॉलमध्ये 850 ची पिशवी 143 ला आहे आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे 910 ची 150 ला, तर 7 रुपये वाचले म्हणून आपण खूश, पण किलोवर काढलं तर मॉलवालं 168 आणि वाण्याचं 165 च्या आसपास पडतं. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, पण तो एमआरपीवरनं काढलेला असतो, डिस्काउंट त्यात धरलेला नसतो, म्हणून मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढायचाच, लाजायचं काय त्यात.

डाळ-तांदळाचं वेगळं आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्ट्यावर नाही, त्यामुळे वाण्याकडची सुटी तूरडाळ बऱ्याचदा परवडते. फक्त हातात घेऊन बघा, तुकडा किती आहे, पावडर लागते का हाताला.

साबण, बिस्किटं, डिटर्जंट मात्र मी मॉलमधूनच आणते. आणि पाव किलोच रवा हवा असेल तर सरळ वाणी, कारण मॉलमध्ये गेलं की रव्यासोबत चारशेचं भलतंच काहीतरी घरी येतं.