पावसाआधी पिंपळीतले चर उघडा

मृग तोंडावर आलाय. पोफळी-माडांच्या सावलीत ज्यांनी पिंपळी, म्हणजे मिरीच्या जातीची औषधी वेल, पसरवली आहे, त्यांनी बाकीची कामं बाजूला ठेवून आधी पाणी बाहेर नेणारे चर उघडावेत.

पिंपळीला सावली हवी, ओल हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ओल म्हणजे तुंबलेलं पाणी नव्हे, आणि बागा जातात त्या इथेच. उन्हाळाभर चरात झावळ्या, विरी (पोफळीच्या झावळीचा रुंद देठ), पाला साठतो. आषाढात पाऊस सलग लागला की त्याचा बांध होतो आणि पाणी उलटं वाफ्यात शिरतं. आधी जमिनीला टेकलेल्या पानांवर भिजल्यासारखे काळपट डाग दिसतात, मग वेल पेराशी मऊ पडतो. ओढला तर साल हातात येते. अशा बागा दरवर्षी बघतो, आणि चर बुजलेलेच असतात.

चर कुदळीने तळापर्यंत मोकळे करा. उताराकडचं तोंड उघडं आहे ना, ते स्वतः जाऊन पाहा. खेकड्यांनी बांध पोखरला असेल तर बिळांत माती ठासा. माझा ठोकताळा असा: पाऊस थांबून तास झाला तरी पावलाच्या ठशात पाणी दिसतंय, तर तो वाफा उंच करावाच लागेल.

कुजीवर शिफारस बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना मिसळून केलेल्या बुरशीनाशकाची आहे. फवारणीला 0.5 टक्के, दर 15 दिवसांनी, उघडीप बघून. मुळाशी ओतायला 1 टक्का, महिन्यातून एकदा. 1 टक्क्यासाठी 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत विरघळवा, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता. कोयत्याचं पातं बुडवून बघा. तांबूस लेप चढला तर चुना कमी पडलाय. मिश्रण त्याच दिवशी संपवा. दुकानात याच दिवसांत 'मुळं सुधारणारी' ह्युमिक ॲसिडची बाटली गळ्यात मारतात. ती घेऊ नका. पाण्यात कुजलेलं मूळ तिने उभं राहत नाही. ते पैसे चर काढणाऱ्या गड्याला द्या.

इतर कामं:
- नवी लागवड: मृगाच्या पावसावर, 60 × 60 सेंमी
- कलमं: 2-3 पेरांची, निरोगी वेलाची
- कुजलेलं शेणखत: गुंठ्याला 200 किलो
- तण: हाताने
- तोडणी: फळं हिरवट-काळी असताना, पिकण्याआधी

कुजलेले वेल उपटून चरातच फेकू नका; तेच पाणी खालच्या वाफ्यात जातं. बागेबाहेर नेऊन जाळा.