घरबसल्या हवाई सफर: शेजारी नकाशा उघडा ठेवा

ड्रोनने टिपलेले निसर्गाचे व्हिडिओ बघताना फोनवर गूगल अर्थ उघडा ठेवा. नदी कुठून येते, डोंगर कुठे उतरतो हे जुळवून पाहिलं की नुसती चित्रं सरकत नाहीत, प्रदेश कळायला लागतो. नॉर्वेचा गेइरांगर फ्योर्ड, म्हणजे उभ्या कड्यांमधली समुद्राची अरुंद खाडी, घ्या. हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरलाय, हे ते उभे कडे पाहताच पटतं. कड्याच्या अरुंद टप्प्यांवर जुनी शेतघरं दिसतात. तिथे व्हिडिओ थांबवाच, माणसं इथवर चढून राहायची हे बघण्यासारखं आहे! टीव्ही फोर-के असेल तर व्हिडिओची क्वालिटी ‘ऑटो’वर न सोडता २१६०पी (म्हणजेच फोर-के) निवडा. गरगरायला लागलं तर वेग ०.७५ करा, खोलीत दिवाही लावा.