जुना डोंगा दुरुस्त करताय? भर उन्हाळ्यात या चुका टाळा

वैशाखात मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आटले की काठावर पालथे घातलेले डोंगे, म्हणजे फळ्यांच्या छोट्या नावा, दिसू लागतात. भंडारा-गोंदियाकडं तर प्रत्येक मोठ्या तलावावर एखादा असतोच. पवनीच्या पुढं वैनगंगेच्या काठानंही तेच चित्र. अशा जुन्या सागाच्या डोंग्याखाली वाकून पाहिलं तर फळ्यांच्या फटींतून ऊन आत येताना दिसतं. कुठं रुपयाचं नाणं शिरेल एवढी फट, कुठं जरा जास्तच. मालकाच्या पोटात गोळा येतो. मासेमारीचा हंगाम तोंडावर, नवा डोंगा परवडणारा नाही, मग तो तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातून घट्ट होणारा मसाला आणतो आणि सगळ्या फटी लिंपून टाकतो.

मीही एका डोंग्याचं नेमकं हेच केलं होतं. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आधी इपॉक्सी मसाल्यात लाकडाचा भुसा कालवून एकूणएक फट भरली, वरून घासून गुळगुळीत केली. डोंगा देखणा दिसत होता. मृगाचा पाऊस झाला, तलावात पाणी आलं, डोंगा उतरवला. चौथ्या दिवशी दोन फळ्यांचे खिळे वर आले होते आणि आतली एक बरगडी, म्हणजे फळ्यांना आतून धरणारं वाकडं लाकूड, वाकणावर तडकली होती. ज्यांची हयात पाण्यावर गेली त्या ढिवर समाजातल्या एका म्हाताऱ्या मामांनी डोंग्यावर हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "आदी पानी पाजाचं होतं जी त्याले. मंग पाहाचं होतं कुठी गरते ते."

आधी पाणी पाजा, मग कुठं गळतं ते पाहा, या बोलण्यात निम्मी दुरुस्ती आहे. उरलेल्या बहुतेक चुका याच चुकीच्या पोटातून निघतात, म्हणून तिच्यावर जरा जास्त थांबतो.

फट दिसली की भरली

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हवा कोरडी ठाक असते, आणि दोन महिन्यांनी तेच लाकूड रात्रंदिवस पाण्यात असतं. या दोन टोकांत आठ इंच रुंदीची सागाची फळी काही मिलिमीटर फुगते. फळी कशी चिरली आहे यावरही ते अवलंबून आहे. ओंडक्याच्या कडेनं आडवी चिरलेली फळी गाभ्यातून उभी चिरलेल्या फळीपेक्षा साधारण दुप्पट हलते. साग तर त्यातल्या त्यात कमी हलणारा. आता दहा फळ्यांचा तळ धरा. प्रत्येक फळीला फुगायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजेच उन्हाळ्यात दिसणारी फट. तिच्यात दगडासारखा मसाला बसवला की फळी फुगून जाणार कुठं? ती खिळे उपटते, बरगडी मोडते, नाहीतर स्वतःच चिरते.

म्हणून क्रम असा ठेवा. डोंगा उन्हातून सावलीत आणा. आंब्याची, मोहाची गर्द सावली उत्तम. टिनाच्या छपराखाली नको, तिथं भट्टी असते. आत जुनी पोती अंथरा, सकाळ-संध्याकाळ ती भिजवत राहा. बाहेरूनही पोती टाका. सहा-सात दिवसांत बऱ्याच फटी मिटतात. ज्या मिटत नाहीत, त्यांच्यावर खडूनं खूण करा. काम फक्त त्यांचं.

इथं दुसरी चूक होते. घाई असलेला माणूस पोती टाकत बसत नाही, पाइप लावून डोंगा काठोकाठ भरतो. 15 फूट लांब आणि 3 फूट रुंद डोंग्यात नुसतं अर्धा फूट पाणी भरलं तरी वजन सव्वासहाशे किलोच्या आसपास जातं. पाण्यावर असताना बाहेरचं पाणी तळाला आधार देतं. जमिनीवर दोन ओंडक्यांवर ठेवलेल्या डोंग्याला तो आधार नाही, आणि जुन्या खिळ्यांत तेवढी ताकदही उरलेली नसते. चार बोटांपेक्षा जास्त पाणी भरू नका.

दोन टोकांवर टेकवलेला डोंगा

पुढं एक टायर, मागं एक टायर आणि मध्ये पोकळ, असा डोंगा महिनाभर राहिला तर त्याची कंबर खचते. नंतर कितीही चांगली फळी बसवली तरी आकार परत येत नाही. निदान चार ठिकाणी आधार द्या, दोरी ताणून तळ सरळ आहे ना ते पाहा. जमिनीला लाकूड टेकू देऊ नका. वाळवी, आपल्याकडची उधई, एका पावसाळ्यात पांढऱ्या लाकडाचा चुरा करते.

टोचून न पाहता रंधा हातात घेणं

वरून चकचकीत फळी आतून भुसभुशीत असू शकते. कुजणं कुठं असतं याचा एक ठोकताळा आहे, आणि तो बऱ्याच जणांना उलटा वाटतो. सतत पाण्याखाली बुडालेलं लाकूड सहसा कुजत नाही, कारण बुरशीला हवा लागते. साधारण 20 टक्क्यांपेक्षा कमी ओल असलेलं कोरडं लाकूडही कुजत नाही. कुजतं ते मधलं, जिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात. त्यामुळं पाण्याच्या रेषेचा पट्टा, बसायच्या फळीची टोकं, बरगडी तळाला टेकते तो कोपरा, पावसाचं पाणी साचून राहतं ती पुढची खबदाड, या जागा आधी बघा. हातोडीच्या दांड्यानं ठोकत चला. चांगलं लाकूड टणटण बोलतं, कुजकं बद्द आवाज देतं. शंका आली तिथं आरी टोचा. लोण्यात गेल्यासारखी आत गेली तर ती फळी गेली.

कुजका भाग काढताना दिसतो तेवढाच कोरू नका. बुरशीचे धागे दिसणाऱ्या डागाच्या पुढं गेलेले असतात, म्हणून चांगल्या लाकडातही चार-सहा बोटं आत जाऊन कापा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी बुरशीवर चालतं, पण पाण्यात राहणाऱ्या भागातून ते धुऊन जातं. आतल्या, वरच्या अंगालाच त्याचा उपयोग.

सगळ्या फळ्या एकदम उपटू नका, हे कळकळीनं सांगतो. डोंग्याचा आकार कुठं कागदावर लिहिलेला नसतो, तो त्या फळ्यांनीच धरून ठेवलेला असतो. एक काढा, तिच्यावरून नवी आखा, बसवा, मग दुसरीला हात लावा.

मिळेल ते लाकूड

आलापल्लीचा साग आणि बल्लारशाचा डेपो ही नावं सुताराला नवी नाहीत. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचाच साग गेला. इतकं लाकूड दारात असून डोंग्याला मात्र पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या ठोकलेल्या पाहिल्या की वाईट वाटतं. साग घ्या, तोही गाभ्याचा. कडेचा पांढरा भाग साग म्हणून विकला जातो, पण पाण्यात त्याची किंमत साध्या लाकडाएवढीच. बीजाच्या झाडाचं लाकूडही चांगलं टिकतं. वाकड्या बरगड्यांसाठी बाभळीची नैसर्गिक वाकणाची फांदी घ्या, सरळ लाकडातून वाक कोरून काढला की रेषा तुटते आणि तिथंच ते मोडतं.

ओलं लाकूड वापरू नका. फळी उघड्या हवेत, सावलीत सुकवायची तर जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशेब आहे. आणि डेपोची पावती, वाहतूक परवाना जपून ठेवा. नदीकाठी पडलेला सागाचा ओंडका फुकट वाटतो, पण वनखात्याच्या गाडीपुढं तो फार महाग पडतो.

प्लायवूड लावायचंच असेल तर आयएस 710 छापाचं मरीन प्लायच. दुकानदार ज्याला नुसतं वॉटरप्रूफ म्हणतो ते कपाटासाठी ठीक आहे.

फळीला तुकडा जोडताना सरळ टोकाला टोक भिडवू नका. एक इंच जाडीच्या फळीला निदान आठ इंचांचा तिरकस सांधा द्या, आणि शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नका. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळं गोंद धरत नाही अशी तक्रार येते. चिकटवण्याच्या जरा आधी सांधा थिनरनं पुसा, मग धरतो.

जुन्याच भोकात मोठा खिळा

खिळा सैल झाला की त्याच भोकात जाड खिळा हाणला जातो. फळी उभी चिरते, आणि ती चीर पावसाळ्यातच कळते. जुनं भोक तेलात बुडवलेल्या लाकडी खुंटीनं बंद करा, दोन बोटं बाजूला बारीक भोक पाडून नवा खिळा घ्या. साध्या लोखंडी खिळ्याभोवती काळा डाग दिसतो ना, तो नुसता डाग नाही. गंज लाकडाला आतून खातो, वर्षागणिक भोक मोठं होतं. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा घ्या. तांब्याचा तर सगळ्यात चांगला, फक्त तांबं आणि लोखंड शेजारी शेजारी ठोकू नका. ओल्या लाकडात या जोडीतलं लोखंड लवकर झिजतं.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गळतीवर ठोकणं हा हंगामाच्या मध्यावर जीव वाचवणारा उपाय आहे, मी त्याला नाव ठेवणार नाही. पण हंगाम संपला की तो काढा. पत्र्यामागं पाणी कोंडतं आणि पुढच्या वर्षी हाताएवढी फळी बदलावी लागते.

कापूस ठासून भरणं

भिजवूनही न मिटलेल्या फटींत कापूस भरायचा. आपण तर कापसाच्या मुलखातले, तरी सरकी-काडीचा कचरा असलेला कापूस वापरलेला पाहिला आहे. स्वच्छ पिंजलेला घ्या. सूत कातायचे पेळू मिळाले तर फारच छान, त्यांना हलका पीळ देऊन दोरा करा. फट बाहेरून रुंद आणि आतून मिटलेली हवी, नाहीतर कापूस आरपार निघून जातो. धार बोथट केलेल्या पटाशीनं तो बसवा. फटीच्या खोलीचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग कापसानं भरला की थांबा. हातोडीचा जोर वाढला तर फळ्या एकमेकींपासून ढकलल्या जातात आणि शेजारची फट उघडते. एका फटीचं काम करताना शेजारच्या फटीवर बोट ठेवा, ती हलली तर हात आवरा.

कापसावर जवसाचं तेल पाजा आणि मगच लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. कोरडं लाकूड लांबीतलं तेल ओढून घेतं आणि ती तडकून गळून पडते. खडूची पूड आणि जवसाच्या पक्क्या (बॉइल्ड) तेलाची लांबी पुरेशी आहे, कारण ती मऊ राहते, फळीबरोबर दबते. ती फळीच्या पातळीपेक्षा किंचित आत ठेवा, फुगल्यावर बाहेर येणार नाही. फळीवर फळी चढवलेल्या बांधणीचा डोंगा असेल तर मात्र कापूस अजिबात घालू नका, त्यानं फळ्या उचकटतात.

जळकं ऑइल, कच्चं तेल, आणि चिंध्यांचा ढीग

ट्रॅक्टरचं जळकं ऑइल डोंग्याला फासायची रीत फार पसरली आहे. ते सुकत नाही, त्यावर पुढं कुठलाच रंग धरत नाही, आणि ज्या तलावातली रोहू-कतला आपण खातो त्याच पाण्यात ते उतरतं. हे थांबलंच पाहिजे. जवसाचं पक्कं तेल वापरा, पहिला हात टर्पेंटाइन मिसळून पातळ द्या म्हणजे आत मुरतो. जवसाचं कच्चं तेल पावसाळ्यात चिकट राहतं, त्यावर काळी बुरशी चढते.

या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. सुकताना हे तेल हवेशी संयोग पावून तापतं, ढिगात ती उष्णता कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. आपल्या उन्हाळ्यात, शेजारी तणसाचा ढीग असताना, हा धोका हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चिंध्या एकेक मोकळ्या पसरून सुकवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. जुना ऑइलपेंट ग्राइंडरनं कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं. ओलं करून घासा, तोंड बांधा, लेकरांना लांब ठेवा.

संपूर्ण डोंग्यावर फायबरचं कापड चढवून घेण्याचा सल्लाही मिळेल. जुन्या फळ्यांच्या डोंग्यावर ते करू नका. आतून शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि कवच शाबूत असताना आतलं लाकूड कुजतं.

उतरवल्यावर पाणी येतंय

पहिल्या दिवशी येणारच. डोंगा उथळ पाण्यात दोरीनं बांधून ठेवा, पाणी उपसत राहा. दोन-तीन दिवसांत धार कमी होत गेली तर लाकूड आपलं काम करतंय, छेडू नका. चौथ्या दिवशीही तेवढंच पाणी येत असेल तर शोध घ्या. बारीक भुसा हातात घेऊन पाण्याखालच्या फटींपाशी सोडा. जिथं गळतं तिथं पाणी भुसा ओढून घेतं आणि आतून तो दिसतो. बारीक गळती तर त्या भुशानंच बंद होते. फटीतून न येता बरगडीजवळून पाणी झिरपत असेल तर बहुतेक खिळ्याचं भोक आहे, तेवढंच काढून खुंटी मारा. एकाच बाजूला, फळीच्या मधूनच पाणी येत असेल तर ती चीर. डोंगा परत वर घ्यावा लागेल.

माणसं बसवण्याआधी रेतीची पोती भरून बघा. जेवढी माणसं बसणार त्यांच्या वजनाएवढी पोती, आणि तसाच रात्रभर राहू द्या. सप्टेंबर 2021 मध्ये वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले, तेव्हापासून मी दुरुस्त केलेल्या कुठल्याही डोंग्यात पोत्यांच्या परीक्षेशिवाय कुणाला बसू दिलेलं नाही, आणि मालकाला लाइफ जॅकेट आणायला लावल्याशिवाय डोंगा हातातून सोडलेला नाही. सकाळी पोती काढताना काठ पाण्यापासून किती वर राहिला होता ते बघा. तिथं बाहेरून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. त्या रेघेपर्यंत पाणी बाहेरून चढलं की आणखी माणूस घ्यायचा नाही, मग काठावर कुणीही हात दाखवत उभं असो.