शब्बाथशाळेसाठी गीते रचताना

शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमध्ये रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या वर्गाच्या, नाताळच्या कार्यक्रमासाठी मी रचलेल्या पहिल्याच गीताच्या तालमीत, पहिलीत शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारले होते, ‘‘सर, उदारकर्ता म्हणजे खूप देणारा ना?’’ ध्रुवपदाचे शब्द होते ‘आला उद्धारकर्ता’. तिने लावलेला अर्थ तसा वाईट नव्हता, आणि आमचे पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) तर तो ऐकून मनापासून हसले. पण सगळा वर्गच एका सुरात ‘उदारकर्ता’ म्हणू लागला तेव्हा चूक मुलांची नसून चाल लावणाऱ्याची आहे, हे मला मान्य करावे लागले. दादरा या सहा मात्रांच्या तालातल्या पहिल्या तीन मात्रा मी एकट्या ‘उ’वर खर्च केल्या होत्या. ऱ्हस्व स्वर इतका ताणला की त्याच्या मागून येणाऱ्या जोडाक्षराचा आघात नाहीसा होतो आणि मुलाच्या तोंडी उरतो तो साधा ‘द’. त्या रात्री पेटीवर बसून मी ‘उद्’ एका मात्रेत मिटवला, मुक्काम ‘धा’वर आणला, आणि पुढच्या रविवारी त्याच मुलांनी तो शब्द स्वच्छ म्हटला.

नाशिकमध्ये शब्बाथशाळेची गीते रचण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करीत आहे, आणि या कामात येऊ पाहणारे तरुण बहुधा पहिल्यांदा ‘कोणता कीबोर्ड घ्यावा’ असे विचारतात. त्याचे उत्तर मी टाळतो. त्याआधी स्वरलिपी, म्हणजे चालीचे स्वर आणि मात्रा कागदावर मांडण्याची लिपी, लिहिता आली पाहिजे, कारण आपण शनिवारी बांधलेली चाल रविवारी आपल्या गैरहजेरीत एखादी शिक्षिका शिकवणार असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा ‘मध्यमा’ या टप्प्यापर्यंत दिल्या तरी एवढे काम भागते. आयुष्याची अखेरची वर्षे याच नाशकात काढलेल्या गायक आणि संगीतगुरू विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वरलेखन आणि भक्तिपर शब्द या दोहोंवर जो भर दिला, त्याचा उपयोग आमच्यासारख्यांना अजून होतो, मग आमची उपासना कोणत्याही धर्माची असो.

माझी दुसरी मोठी चूक पट्टीची, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला ‘सा’ धरायचा याची, होती. पुरुष रचनाकार स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि मुले त्याच्या वरच्या सप्तकात गातात, हे त्याच्या लक्षात येत नाही. मी पेटीची दुसरी काळी पट्टी (काळी दोन) ‘सा’ धरून चाल बसवली आणि अंतरा तार पंचमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत, नेला. मला तो भारदस्त वाटत होता, मुले मात्र तिथे पोहोचली की गाणे सोडून ओरडत. आता पहिली-दुसरीच्या मुलांसाठी मी पांढरी एक किंवा पांढरी दोनचा षड्ज (‘सा’) धरतो आणि मधल्या सप्तकातल्या षड्ज ते धैवत (‘सा’ ते ‘ध’) एवढ्यातच चाल संपवतो. भूप राग या दृष्टीने उत्तम, कारण त्यात मध्यम (‘म’) आणि निषाद (‘नी’) नाहीत आणि उरलेले पाचही स्वर शुद्ध आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना तार षड्ज (वरचा ‘सा’) सहज लागतो, म्हणून त्यांच्यासाठी यमनसारखा राग घ्यायला हरकत नाही. त्यातला तीव्र मध्यम (चढा ‘म’) मात्र आधी वेगळा घोटून घ्यावा लागतो.

वृत्ताच्या बाबतीत मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वाचवले. नाशिकशी ज्यांचे विद्यार्थिदशेपासून नाते होते आणि ज्यांना मराठी वाचक फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो, त्या टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात गायिली. सुरुवातीला मी इंग्रजी गीतांच्या चालींवर मराठी शब्द कोंबत असे, आणि शब्दाचा मधलाच भाग ठोक्यावर येऊन ‘परमेश्वर’चा ‘पर-मेश्वर’ होई. मोठ्या अभंगाची सहा, सहा, सहा, चार ही अक्षरांची मांडणी घेतली तेव्हा ही अडचण बरीचशी दूर झाली. सहा अक्षरे म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाचा एक श्वास. त्यानंतर चरण आपोआप थांबतो, मूल दम घेते, आणि शेवटच्या चार अक्षरांत आठ मात्रांचा भजनी ठेका त्याला ओळखीच्या जागी आणून सोडतो. ज्या मुलांनी शेजारच्या गल्लीत भजन ऐकलेले असते (पंचवटीच्या गावात ते कोणी ऐकलेले नसते?) त्यांना हा ठेका शिकवावा लागत नाही.

शब्द पाळकांना दाखवल्याशिवाय चाल शिकवू नये. एकदा मी मेंढपाळाच्या गीतात यमकासाठी ‘हरवलेले कोकरू स्वतः परत आले’ असे लिहून बसलो. बायबलमधल्या दाखल्यात (बोधकथेत) मेंढपाळच त्याला शोधायला जातो, आणि सगळा मुद्दा तोच आहे.

हक्कांची बाजू थोडक्यात सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्दांचा हक्क आणि चालीचा हक्क वेगवेगळे आहेत, आणि दोन्ही सामान्यतः रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. टिळक १९१९मध्ये वारले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या कवितांवर सराव करायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याच कवितेला अलीकडे कोणी लावलेली चाल मात्र आपली नव्हे. स्वतःच्या स्वरलिपीवर नाव आणि तारीख घालण्याची सवय लावून घ्यावी. माझे एक गीत एका ध्वनिफितीत रचनाकाराच्या नावाशिवाय आले, आणि माझ्याकडे दाखवायला तारखेचा एक कागदही नव्हता.

या कामावर घर चालत नाही. माझे घर पेटीच्या शिकवण्यांवर चालते. गीताबद्दल मंडळीकडून (चर्चच्या सभासदांकडून) मानधन मिळालेच तर नाताळात मिळते, आणि बऱ्याचदा त्याच्या जागी घरच्या करंज्यांचा डबा येतो. गीत टिकले की नाही हे मी महिनाभराने पाहतो: पेटी बंद ठेवून वर्गाला फक्त पहिला शब्द देतो आणि गप्प उभा राहतो. दुसऱ्या चरणापाशी जिथे आवाज पातळ होतात, त्या जागेवर पेन्सिलीने खूण करून तो कागद मी घरी नेतो.