म्हादईकाठच्या गावात राहायला यायचंय? आधी एक पावसाळा काढून बघा

दरवर्षी दिवाळी झाली की गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात हे होतंच. पणजीला, वास्कोला नाहीतर पुण्याला नोकरी करणारं कोणीतरी घरी येतं, नदी तळ दिसेल इतकी नितळ असते, सकाळी धुकं, कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, गारवा, आणि चौथ्या दिवशी ते म्हणतं बस झालं आता, गावातच राहतो. ऐकून मला खरंच बरं वाटतं, कारण तरणी माणसं परत आली नाहीत तर वाड्यावर म्हातारीच उरणार. पण सात वर्षांपूर्वी मी असाच परत आलो तेव्हा नीट सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून जे कळलंय ते लिहितोय.

नोकरी सोडायच्या आधी जून ते सप्टेंबर इथे राहून बघा, रजा नसेल तर निदान जुलैचे तीन आठवडे तरी. तालुक्याच्या गावी, वाळपईला, वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. कपडे वाळत नाहीत, मिठाचं पाणी होतं, झाड पडलं की दोन दोन दिवस लाइट नाही. आणि नदी. म्हादई कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातून, घाटावरून खाली येते, त्यामुळे वर कोसळला की आपल्याकडे ऊन असतानासुद्धा पाणी चढतं, हे शहरातून आलेल्याला लवकर पटत नाही. २३ जुलै २०२१ ला म्हादई आणि तिला मिळणारी रगाडा दोन्ही नद्या फुगल्या, पहाटे आम्ही दावी सोडून गुरं डोंगराकडे हाकलली आणि परत येईपर्यंत शेजारच्या मातीच्या घराची मागची भिंत बसली होती. म्हणून घर बांधायचं किंवा दुरुस्त करायचं असेल तर इंजिनियरच्या आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आजोबा, मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलेलं? त्यांनी दाखवलेल्या खुणेच्या वर काय ते बांधा. आणि गढूळ पाणी पुलावरून वाहत असताना गाडी घालू नका, कितीही ओळखीचा पूल असूदे.

मे संपायच्या आत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झालं पाहिजे. तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या, कांदे, सोलं, नारळ, मीठ, वर गॅसचा जादा सिलिंडर, बॅटऱ्या, आणि कोणाला रोजचं औषध असेल तर दीड दोन महिन्यांचं. लाकडं फोडून पडवीत रचायची. रस्ता बंद झाला तर हेच खायचं असतं.

आता कागद, याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. वाडवडिलांची जमीन आहे म्हणून येऊ नका, आधी एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, काढून त्यावर नाव कोणाचं आहे ते बघा. सत्तरीत आल्वारा आणि मोकासो, म्हणजे पोर्तुगीज काळात सरकारने दिलेल्या, जमिनींचा गुंता जुना आहे, तीन पिढ्या बागायत करणाऱ्याचं नावसुद्धा कागदावर नसतं. त्यात १९९९ ला म्हादई अभयारण्य जाहीर झालं आणि कितीतरी गावं, काजूच्या बागा त्याच्या हद्दीत गेल्या. जमीन वनखात्याच्या नावावर असेल आणि तुम्ही कसत असाल तर २००६ च्या वन हक्क कायद्याखाली दावा करता येतो, ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा लागतो, आणि आदिवासी नसाल तर तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. गावातल्या जाणत्यांचे जबाब लेखी घेतले तर तेही पुराव्यात धरतात, तेव्हा ती माणसं आहेत तोवरच लिहून घ्या, आमच्या घरात हे राहून गेलं. शिवाय जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने याच अभयारण्याचा भाग व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा असा आदेश दिला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, त्यामुळे अभयारण्यालगतचा प्लॉट कोणी स्वस्तात देत असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपया अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

पोटाचं सांगतो. इथे एका धंद्यावर घर चालत नाही, वर्षभर थोडं थोडं चहूकडून गोळा करावं लागतं, पगाराची सवय असलेल्याला हेच जड जातं. काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. बिया विकायच्या, बोंडूंचा रस काढून हुर्राक आणि फेणी ही दारू गाळायची, पण भाटीला अबकारी खात्याचा परवाना लागतो. सुपारीला नवी लागवड केली तर पाच ते सात वर्षं हातात काही नाही, म्हणून मधे केळी लावा, पोफळीवर मिरी चढवा. जुनं कुळागर असेल तर ते जगवणं हेच पहिल्या दोन वर्षांचं काम. पाऊस सुरू व्हायच्या आधी बोर्डो मिश्रण मारायचंच, नाहीतर कोळेरोगाने कोवळी सुपारी गळून झाडाखाली खच पडतो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं विरघळवून मग एकत्र, आणि घासलेली लोखंडी सुरी बुडवून बघायची, तांबूस झाली तर चुना कमी पडलाय. साधारण ४० ते ४५ दिवसांनी परत एकदा. पोफळीवर चढणारा माणूस आणि नारळ काढणारा पाडेली मिळणं मात्र दिवसेंदिवस कठीण होतंय, गावातल्याच दोघांशी आधी बोलून ठेवा. सुपारी, काजू बहुतेक लोक बागायतदार संस्थेतच घालतात, दर तिथे विचारा, दारावर येणाऱ्याच्या दराशी ताडून बघा. वाळपईच्या कृषी कार्यालयात जाऊन कृषी कार्ड करून घ्या, त्याशिवाय सबसिडी नाही.

माकडं, गवे, रानडुक्कर नुकसान करणारच. जनावराने गुरं मारली किंवा पीक लोळवलं तर त्याच दिवशी फोटो काढून अर्ज द्या. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, गुरं मारली म्हणून. भरपाई वेळेवर हातात पडत असती तर तिथवर गोष्ट गेली नसती असं मला मनापासून वाटतं.

पर्यटनाचं बोलायचं तर पावसाळ्यात म्हादईवर राफ्टिंग चालतं, लोक येतात, होमस्टेला वाव आहे. पर्यटन खात्याकडे नोंदणी करून दोन खोल्यांपासून सुरू करा, नाचणीची भाकरी, टायकिळ्याची भाजी, घरचं जेवण द्या, स्विमिंग पूल बांधायच्या भानगडीत पडू नका. वर्क फ्रॉम होम करणार असाल तर आपल्या घरात बसून, भर पावसात, नेटवर्क टिकतं का बघा, आमच्याकडे अजून कॉलसाठी चढावावर जावं लागतं.

तब्येतीचं एकच ठासून सांगतो, माकडताप. २०१५ पासून सत्तरीत माणसं गेली आहेत यात. तो गोचिडीतून येतो आणि नेमका काजूच्या हंगामात जोर धरतो. रानात जाताना पूर्ण बाह्या, पायमोजे, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, अचानक ताप चढला तर डॉक्टरला रानात गेलेलो हे सांगा. साप चावला तर बांधाबांध नको, झाडपाला नको, १०८ ला फोन आणि सरळ वाळपईचं हॉस्पिटल.

माणसांत मिसळायला वेळ द्या. शिगम्याला, रणमाल्याला (हे आमचं लोकनाट्य) हजर राहा, वर्गणी वेळेवर द्या, आणि देवराईतलं वाळकं लाकूडसुद्धा उचलू नका. बांबरच्या निरंकाराच्या राईत पाण्यात उभी असलेली जायफळाच्या जातीची जुनी झाडं आज दिसतात ती लोकांनी हे पाळलं म्हणूनच.

मुलं लहान असतील तर शाळेची बस कुठवर येते ते आधी विचारा, गावातल्या प्राथमिक शाळेत पोरं किती उरलीत तेही. यायचं पक्कं झालं की मे च्या पहिल्या आठवड्यात या, तेव्हा प्रत्येक घराची शाकारणी चालू असते आणि कौलं वर द्यायला हात कमी पडतात.