फसलेले पुस्तक मिळून वाचण्याची आणि त्याचे विनोदी परीक्षण लिहिण्याची रीत

वाईट पुस्तकावर हसायचे असेल तर ते चांगल्या पुस्तकापेक्षा अधिक बारकाईने वाचावे लागते, हे नागपुरातील आमच्या पाच-सहा जणांच्या वाचनमंडळाला पहिल्या दोन-तीन बैठकांतच उमगले. नुसते चाळून केलेला विनोद कोणत्याही पुस्तकाला लागू पडतो आणि म्हणूनच तो कोणाला हसवत नाही. याउलट, एकशे बाराव्या पानावर वारलेले काका एकशे चाळिसाव्या पानावर पुतणीच्या लग्नात अक्षता टाकत आहेत, हे ज्याच्या लक्षात आले त्याला वेगळा विनोद रचावाच लागत नाही. पुढे सांगितलेली सगळी पद्धत या एका अनुभवातून आलेली आहे.

पहिला प्रश्न निवडीचा. बर्डीवरील जुन्या पुस्तकांची दुकाने, मोहल्ल्यातील रद्दीवाला आणि वाचनालयातून बाद केलेल्या पुस्तकांचे गठ्ठे या ठिकाणी थोड्या पैशांत भरपूर सामग्री मिळते. परंतु मिळेल ते वाईट पुस्तक उचलू नये. कंटाळवाणे पुस्तक आणि फसलेले पुस्तक यांत फार मोठे अंतर असते. कंटाळवाण्या पुस्तकाला काही सांगायचेच नसते, त्यामुळे त्याच्याविषयी बोलायलाही काही उरत नाही. फसलेल्या पुस्तकाने मात्र मोठी झेप घेतलेली असते, त्याला जगातील सगळे दुःख, सगळे प्रेम आणि बहुधा थोडे अध्यात्मही दोनशे पानांत बसवायचे असते. दुकानातच कोणतेही एक पान उघडून सोबतच्या मित्राला हळू आवाजात वाचून दाखवावे, आणि त्याने ‘पुढे काय झाले?’ असे विचारले तरच पुस्तक घ्यावे. ही कसोटी आम्हांला आजवर क्वचितच चुकीची वाटली आहे.

काही पुस्तके मात्र या खेळासाठी घेऊच नयेत. नवोदिताने पदरमोड करून काढलेला पहिला कवितासंग्रह, स्वतःच्या मुलाच्या किंवा जोडीदाराच्या मृत्यूवर लिहिलेले आठवणींचे पुस्तक आणि आजारपणातून उठलेल्या माणसाचे आत्मकथन ही आम्ही पहिल्या दिवसापासून वर्ज्य मानली आहेत. त्याचप्रमाणे बोलीमुळे कोणतेही पुस्तक वाईट ठरत नाही. वऱ्हाडी, झाडीबोली किंवा नागपुरी वळणाचे मराठी पुस्तकात आले म्हणून जो हसतो, त्याला दोष सापडलेला नसतो, त्याचा कान अपुरा पडलेला असतो. विदर्भात राहून तरी ही चूक कोणी करू नये. अनुवादाच्या बाबतीत मूळ पुस्तक शक्य तर पाहून घ्यावे, कारण पुष्कळदा बोजडपणा मूळ लेखकाचा नसतो. छपाईच्या चुका लेखकापेक्षा मुद्रितशोधकाच्या अधिक असतात. त्यांची एकदा नोंद करावी आणि पुढे जावे.

बैठकीची अडचण बहुधा प्रतीची असते, कारण अशा पुस्तकांची एकच प्रत हाती लागते. सहा जणांनी पाने वाटून घेणे हा सोपा मार्ग दिसतो, पण तो टाळावा. आपापला तुकडाच वाचलेली माणसे एकत्र येऊन परीक्षण लिहू लागली की पुस्तकावर अन्याय होतो आणि वारलेले काका तर कोणालाच सापडत नाहीत. त्याऐवजी मोठ्याने वाचन करावे. मराठी पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायला साधारण दोन मिनिटे लागतात, म्हणजे दोनशे पानांचे पुस्तक सुमारे सात तासांत, चार रविवारांत आरामात संपते. हिवाळ्यात सकाळी गच्चीवर उन्हात बसून, तर्री-पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या झाल्यावर वाचन सुरू करावे. आधी सुरू केले तर हसताना तर्री पुस्तकावर सांडते आणि एकुलती एक प्रत खराब होते. मे महिन्यात बैठक दिवस मावळल्यावरच घ्यावी. खोलीत कूलर चालू असेल तर वाचणाऱ्याने कूलरसमोर न बसता मधोमध बसावे, नाहीतर मागच्या दोघांना वाक्यांचे शेवट ऐकू येत नाहीत आणि फसलेल्या गद्याची सगळी गंमत बहुतेक वाक्याच्या शेवटीच असते.

मोठ्याने वाचण्याला चांगली परंपरा आहे. ऑक्सफर्डमध्ये सी. एस. लुईस, जे. आर. आर. टोल्किन हे लेखक आणि त्यांचे मित्र ‘इंकलिंग्ज’ या नावाने जमत असत, तेव्हा अमांडा मॅकिट्रिक रॉस या आयरिश लेखिकेची अलंकारांनी ओथंबलेली पुस्तके ते आळीपाळीने वाचून दाखवीत आणि न हसता कोण अधिक वेळ वाचू शकतो याची पैज लावीत. हा खेळ आपल्याकडेही जसाच्या तसा चालतो. नियम एवढाच, की वाचणाऱ्याने आवाज वेडावाकडा करू नये, नक्कल करू नये. लेखकाला अभिप्रेत असेल त्याच गांभीर्याने प्रत्येक वाक्य वाचावे. नाटकी आवाज काढला की हसू वाचणाऱ्याला येते आणि पुस्तक बाजूलाच राहते.

वाचन चालू असताना एकाने वहीत पान क्रमांकासह नोंदी कराव्यात, आणि त्यात वाक्ये जशीच्या तशी उतरवावीत. बैठकीत कोणाच्या तोंडून सहज निघालेले उद्गारही टिपून ठेवावेत. एका कादंबरीतील नायक सलग चार पाने एकाच वेळी अश्रू ढाळत आणि स्मित करत होता, तेव्हा आमच्यातील एक मित्र न राहवून म्हणाला, ‘हा रडून राहिला का हसून राहिला, सांग बा!’ त्या परीक्षणाला पुढे याहून चांगला मथळा सापडला नाही.

आणखी एक भूमिका मी अत्यावश्यक मानतो, ती म्हणजे पुस्तकाच्या वकिलाची. प्रत्येक पुस्तकासाठी एकाला वकील नेमावे आणि त्याने चारही बैठकांत पुस्तकाची बाजू मनापासून मांडावी. पुस्तकात खरोखर चांगली असलेली किमान एक गोष्ट शोधून काढणे हे त्याचे काम. हे काम दर वेळी वेगळ्या माणसाकडे द्यावे. एका अत्यंत भडक कौटुंबिक कादंबरीत आमच्या वकिलाने स्वयंपाकघराचे दीड पानाचे वर्णन शोधून काढले, आणि ते पुन्हा वाचल्यावर आम्ही सगळेच गप्प झालो, कारण ते वर्णन खरोखर सुंदर होते. परीक्षणात ते दीड पान आले, आणि बाकीच्या थट्टेवर वाचकांचा विश्वास बसला तो त्यामुळेच.

परीक्षण लिहिताना सहाशे ते आठशे शब्दांची मर्यादा पाळावी. पुस्तकाने काय करायचे ठरवले होते, हे पहिल्या परिच्छेदात प्रामाणिकपणे सांगावे. त्यानंतर कथानक जसे घडते तसे, शेरेबाजी न करता सांगावे. १८७१ साली नागपुरात जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना मराठी विनोदी लेखनाचे जनक मानले जाते, आणि त्यांच्या लेखांतील सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या यांच्याकडून या बाबतीत पुष्कळ शिकता येते. ही मंडळी जुन्या रूढींची टवाळी करत नाहीत; ती त्या रूढी मनोभावे पाळतात, आणि त्या पाळण्यातूनच रूढींमधील विसंगती उघडी पडते. परीक्षकानेही पुस्तकाचा तर्क तसाच मनोभावे पाळून पाहावा.

उदाहरणासाठी मी स्वतः एक वाक्य रचतो: ‘तिच्या नेत्रांतून अश्रूंचा महापूर वाहू लागला.’ यावर ‘लेखकाला मराठी येत नाही’ असे लिहिले तर ते उद्धट आहे आणि शिवाय खोटेही, कारण वाक्य व्याकरणशुद्ध आहे. ‘भाषा फारच भडक आहे’ हे खरे असले तरी कोणाला हसू येत नाही. मात्र पुढच्या पानावर नायिकेच्या डोळ्यांतील रेखीव काजळाचे वर्णन आले असेल, तर ‘महापूर ओसरल्यावर काजळ जागच्या जागी आढळले’ एवढे लिहिले की पुरते. त्यात नवीन काही घातलेले नाही. पुस्तकातील दोन पाने शेजारी ठेवली आहेत. ‘टाकाऊ’, ‘भिकार’, ‘भयानक’ ही विशेषणे पहिल्या खर्ड्यात आली तर दुसऱ्यात खोडावीत, आणि ती खोडल्यावर जो परिच्छेद रिकामा पडतो त्यात मुळात काही नव्हते असे समजावे.

लेखकाच्या व्यक्तिगत आयुष्याला हात लावू नये. आमच्या एका परीक्षणात लेखकाच्या नोकरीवरून एक शेरा राहून गेला होता. पुढे एका साहित्यिक कार्यक्रमात तेच गृहस्थ आमच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आणि कादंबरीवरील आमच्या प्रत्येक आक्षेपाविषयी मोकळेपणाने बोलले, परंतु त्या एका शेऱ्याने त्यांना झालेले दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते, आणि आजही मला त्याचे वाईट वाटते. कायद्यानेही ही रेषा फार पूर्वी आखलेली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या बदनामीविषयीच्या कलम ४९९ मधील सहाव्या अपवादाने, लोकांच्या निर्णयासाठी मांडलेल्या कृतीच्या गुणदोषांवर सद्भावनेने मत देण्यास मुभा दिली होती, आणि त्यासाठी दिलेले उदाहरण नेमके पुस्तकाचेच आहे. पुस्तक मूर्खपणाचे आहे, तेव्हा लेखक दुबळ्या मनाचा असावा, असे म्हणणे त्या अपवादात बसते, कारण ते मत पुस्तकातून दिसणाऱ्या स्वभावापुरतेच असते. परंतु लेखक मुळातच दुबळा आणि स्वैराचारी आहे, तेव्हा पुस्तक असे निघाले यात नवल नाही, असे म्हटले की हे संरक्षण मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा विषय कलम ३५६ मध्ये आला आहे. अवतरणांपुरते पाहिले तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ टीका आणि परीक्षण यांसाठी मजकुराच्या उचित वापराला परवानगी देते. तीन-चार छोटी अवतरणे त्यात सहज बसतात, संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ मित्रांच्या ग्रुपवर टाकणे बसत नाही.

परीक्षण कोठेही देण्यापूर्वी मंडळात मोठ्याने वाचावे आणि वकिलाला आक्षेप घेण्याचा पूर्ण अधिकार द्यावा. त्याने हरकत घेतलेले वाक्य पानाचा दाखला देऊन सिद्ध करता आले नाही, तर ते काढावे. सलग दोन फसलेल्या पुस्तकांनंतर तिसरे पुस्तक सर्वांना आवडणारे, उत्तम असे घ्यावे, कारण वाईट गद्य फार ऐकले की कान बोथट होतो आणि महापूर खटकेनासा होतो. वाचून झालेली प्रत रद्दीत न देता नोंदवहीतील पानांची यादी तिच्या आत ठेवून कपाटात लावावी. आमच्याकडे अशा प्रतींचा एक कप्पा भरला आहे, आणि मंडळात नवीन येणाऱ्याला आम्ही पहिल्यांदा त्याच कप्प्यातून एक पुस्तक निवडून घरी न्यायला सांगतो.