पावसाळ्यात डुकराच्या जबड्याखाली हात घालून बघत जा

पाऊस लागला की वाड्यात चिखल होतो, डबकी साचतात आणि डुकरं दिवसभर तोंडाने तेच उकरत बसतात, त्यामुळे बरेचसे रोगजंतू आत शिरतात ते तोंडानाकातून. म्हणून वराहपालन करणाऱ्या भावांनो, या चार महिन्यांत खाद्य टाकताना प्रत्येक जनावराचा गळा बघत जा.

आत रचना कशी असते ते आधी सांगतो. आपल्या घशात दोन बाजूंना दोन टॉन्सिल असतात तसं डुकराचं नसतं, त्याचं मोठं टॉन्सिल मऊ टाळूवरच पसरलेलं असतं आणि त्याला चाळणीसारखी भोकं असतात, त्यात जंतू लपून राहतात आणि जनावर वरून ठणठणीत दिसतं. तोंड, नाक, ओठ इकडचं लिम्फ, म्हणजे अंगात झिरपणारं पाण्यासारखं द्रव, जबड्याच्या कोपऱ्याजवळच्या गाठींत येतं. कानाखाली वेगळ्या गाठी, घशाच्या मागे खोल आणखी काही, त्या हाताला लागत नाहीत. या सगळ्यांतून गाळून ते मानेतून छातीच्या तोंडाशी रक्तात मिसळतं. म्हणजे घशात काही शिरलं की पहिली सूज बहुतेक जबड्याखालीच दिसणार.

आता खरं सांगायचं तर धष्टपुष्ट डुकराच्या गालफडात एवढी चरबी असते की निरोगी गाठ हाताला लागतच नाही, म्हणून गाठ शोधत बसू नका, डावी-उजवी बाजू सारखी आहे का, कुठे गरम किंवा कडक लागतंय का, गिळताना मान ताणतंय का एवढं बघा. ताप १०४ फॅरेनहाइटच्या वर गेला तर लगेच डॉक्टर.

जबड्याखाली लिंबाएवढा गोळा आणि जनावर खातंपितं, तर बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचा गळू असतो. तो वाड्यात ब्लेडने फोडू नका, पू पाण्याच्या टाकीत, गव्हाणीत गेला की बाकीच्यांनाही लागण होते.

पण गळा झपाट्याने सुजला, श्वास घरघरतोय, तोंडातून फेस येतोय, तर जनावरांचा घटसर्प (माणसाचा घटसर्प वेगळा) किंवा फाशी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. फाशीने गाय-बैल अचानक पडतात, डुक्कर मात्र बऱ्याचदा घशाशीच अडतं, कधी वाचतंही, म्हणून लोक साधी सूज समजून कापून खातात आणि इथेच माणसाचा जीव धोक्यात येतो. असं जनावर मेलं तर कृपा करून चिरू नका, कातडं काढू नका, कारण हवा लागली की त्या जंतूचे बीजाणू, म्हणजे जाड कवचाची टिकाऊ रूपं, तयार होतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. कुत्र्यांना लांब ठेवा आणि जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला, १९६२ या नंबरवर, फोन करा, पुरायचं कसं ते डॉक्टर सांगतील.

खाटीक कधी सांगतो की गाठींच्या कडा लालभडक होत्या. डुकराची गाठ इतर जनावरांच्या उलटी असते, आतला भाग बाहेर आणि बाहेरचा आत, त्यामुळे स्वाईन फिव्हरमध्ये, म्हणजे डुकरांना विषाणूमुळे येणाऱ्या जीवघेण्या तापात, रक्त कडेला साचलेलं दिसतं. हे ऐकलं की त्याच दिवशी कळपातली विक्री थांबवा आणि तपासणी करून घ्या. क्लासिकल स्वाईन फिव्हरची लस आहे, ती राहिली असेल तर डॉक्टरांकडून वेळापत्रक घ्या. आफ्रिकन स्वाईन फिव्हरला आपल्याकडे लस नाही, तो २०२० पासून देशात आहे, म्हणून हॉटेलचं खरकटं घालत असाल तर अर्धा तास तरी उकळूनच घाला आणि त्यात डुकराचं मांस असेल तर ते घालूच नका.